बॉनेटआडचा ठेका

गाडीने एक आचका दिला, अंग झाडलं आणि पुन्हा बंद पडली.

"पेट्रोलमधनं कचरा आलाय," मामा म्हणाले आणि किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली. म्हणजे विषय संपला.

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकर घाडगे. उभी हयात त्यांनी एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली पेट्रोल गाडी घेऊन ते गावात आले. ती गाडी त्यांना सुनेपेक्षा लाडकी होती. हे मी रागाने म्हणत नाही, मलाही ती लाडकीच होती. अडचण एकच होती. मामांचा सगळा जन्म डिझेलवर गेलेला. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, प्लग नसतात, तिथलं बहुतेक दुखणं इंधनातूनच येतं. त्यामुळे आमची गाडी खोकली तरी मामांच्या मते कचरा, आणि शिंकली तरी कचराच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच ओट्यावर पाट मांडून घरातली सगळी हत्यारं पूजेला ठेवली होती. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, जॅक, कोयता, कुऱ्हाड, माझी शिवणकामाची कात्रीसुद्धा. शेजारी वेगळ्या पाटावर माझ्या आजेसासऱ्यांचा पखवाज. सगळ्यांवर हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, हा घाडग्यांच्या घरचा नेम, आणि नेमाच्या बाबतीत मामा नाकावर माशी बसू देत नसत. गाडीची पूजाही झाली होती. पहाटे धुऊनपुसून तिला लखलखीत केलं होतं आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हा एवढा हार ताणून बांधला होता. फक्त ती हलवायला परवानगी होती, कारण पूजेनंतर ती देवीच्या दर्शनाला न्यायची, अशी पळवाट मामांनी स्वतःच शोधून ठेवलेली.

देवी वाघेरीच्या डोंगरावरची. तिथल्या पटांगणात दुपारी महिला भजनी मंडळांची स्पर्धा होती आणि आत्तींचं मंडळ पहिल्यांदाच त्यात उतरणार होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. मंडळाच्या बाकीच्या बायका पेटी, टाळ, पखवाज असं सगळं घेऊन सकाळच्या एसटीने पुढे गेल्या होत्या. आत्ती घरच्या थोरल्या सून, नैवेद्य झाल्याशिवाय त्यांचा पाय घरातून निघणार नव्हता. म्हणून त्यांना मामा गाडीने सोडणार, आणि सोबत मी.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं पुढे आहे. मामांच्या समजुतीप्रमाणे आत्ती मंडळात टाळ वाजवत आणि मागे म्हणत. प्रत्यक्षात आत्ती पखवाज वाजवत. मंडळ सुरू झालं तेव्हाच मामांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "टाळबिळ कुटा, पर बाईनं पखवाज मांडीवर घ्यायचा न्हाई." त्यावर आत्तींनी, आमटी वाढू का, एवढंच विचारलं होतं. नंतर वर्षभर मामा दुपारी पारावर पत्ते कुटायला गेले की आत्ती शाळेतल्या बाईंच्या घरी जाऊन पखवाज कुटत. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. मंडळात दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं. आत्ती पोचल्या नाहीत तर सगळ्यांचीच स्पर्धा बुडाली. आणि पोचण्याआधी मामांना सुगावा लागला तर गाडी दारातून हलणार नाही. आता तर सुगावा न लागताच ती हलत नव्हती.

आत्ती नवं हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. मामांनी चपला काढल्या, म्हणजे ते घरात येऊन पडायच्या बेतात होते. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मामा, मी बघू का?"

"तू काय बघणार? पाना तर उचलायचा न्हाई."

सांगायचं राहिलं, माझा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झाला होता. वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि कार्ब्युरेटर उघडून पुन्हा जोडण्यात मी पोरांना मागे टाकत असे. लग्न झालं, हे सैन्यात, मी गावात, आणि माझं सगळं ज्ञान मिक्सर आणि इस्त्रीच्या दुरुस्तीवर येऊन ठेपलं. मामांना डिप्लोम्याबद्दल आदर होता, पण तो भिंतीवरच्या चौकटीत असावा असं त्यांचं मत होतं.

मी शेजारून पाना आणायचं सुचवलं. शेजारचे पानेही पूजेत होते. स्टँडवरच्या गॅरेजचं शटर खाली होतं आणि त्यालाही हार होता. जीपवाल्या बाबूने केळीचे खांब बांधून जीप दारात उभी केलेली, तिची चाकं उद्यापर्यंत फिरणार नव्हती. पुढच्या एसटीने गेलं असतं तर फक्त बक्षीस समारंभ पाहायला मिळाला असता. अख्ख्या गावात त्या दिवशी एकही पाना मोकळा नव्हता.

"हातानं बघते," मी म्हटलं. "हातांची कुठे पूजा केलीय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्यातल्या आत्तींकडे. काय वाटलं कोण जाणे, पण चपला पुन्हा पायात घातल्या आणि गाडीत जाऊन बसले.

मी बॉनेट उचललं. मामांना सांगितलं, सुरू करा आणि अ‍ॅक्सिलेटरवर पाय नुसता टेकवून ठेवा. गाडी सुरू झाली. पण काय ती सुरू झाली, सगळं अंग थडथडत होतं. मध्येच जोर यायचा, इंजिन रेटून पळायला लागायचं, मग दम कोंडल्यासारखं खाली खाली जायचं आणि मामांनी पाय दाबला की पुन्हा वर. मी कान लावून उभी राहिले. शिकलेलं एकेक आठवायला लागले. हे असेल तर थडथड समजते, पण वर-खाली का होतंय? ते असेल तर वर-खाली समजतं, पण मग थडथड का? एका दुखण्यात दुसरं बसेना. डोकं चक्रावलं. उन्हं ओट्यावरून अंगणात उतरली होती आणि आमची घाटातली वाट तासाभराची.

एवढ्यात आत्ती माझ्याजवळ आल्या. बॉनेट उभं असल्यामुळे काचेतून मामांना आम्ही दिसत नव्हतो. आत्तींनी एक हात मडगार्डवर ठेवला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "शैला, ह्यात दोन चुका हाईत."

"दोन?"

"एक घर रिकामं जातंय. बोल पडायचा तिथं पडतच न्हाई, आन दर फेऱ्याला त्याच जागी. ती जागा सोडत न्हाई. ही एक. आन लय वर-खाली हुतीया, ती दुसऱ्याच कुणाची तरी चूक हाय. ह्याचा त्याचा काय संबंध न्हाई."

अगदी बरोबर होतं ते. इंजिनात चार सिलिंडर, चौघांनी पाळीपाळीने जोर लावायचा. त्यातला एक मेला असेल तर दर फेऱ्यात त्याच जागी खड्डा पडणार, वेग कितीही असो. आणि वेग आपोआप चढत-उतरत असेल तर कुठूनतरी चोरून जादा हवा आत ओढली जात असणार. दोन वेगळी दुखणी एकाच दिवशी एकाच गाडीत, आणि मी खुळ्यासारखी दोघांना एका नावाने हाका मारत बसले होते. आता मला नाचावंसं वाटायला लागलं.

"झालं का?" पलीकडून मामांचा आवाज.

"होतंय, मामा. पाय काढू नका."

आधी मेलेला सिलिंडर शोधायचा. प्रत्येक प्लगवर एक जाड वायर येते आणि तिच्या टोकाला रबरी टोपी असते. इंजिन चालू असताना एकेक टोपी उपसायची. चांगल्या सिलिंडरची टोपी काढली तर गाडी आणखी लंगडते. मेलेल्याची काढली तर तिला फरकच पडत नाही. हाताने उपसायला गेलं तर मात्र सणसणीत झटका बसतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शोधून आणला, तो हाताला गुंडाळला आणि पहिली टोपी धरली.

उपसताच गाडी मटकन बसली. मामा आतून ओरडले. मी टोपी परत बसवली. दुसरीलाही तेच झालं. तिसरी उपसली आणि मी आत्तींकडे बघितलं. त्यांचा तळवा मडगार्डवर होता.

"फरक न्हाई," आत्ती म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकत होते. "हेच ते रिकामं घर."

मी इंजिन बंद करायला सांगितलं. तिसऱ्या प्लगभोवतीच्या खळग्यात वाकून पाहिलं तर आत चक्क तळं. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पाण्यातून पळून जात होती.

"मामा, सकाळी इंजिनालाही आंघोळ घातलीत का?"

"मग? खंडेनवमीला पारोसं ठिवू व्हय?"

कोणाला काय बोलणार? मी फडक्याची वात करून खळग्यात सोडली, पण तळाशी फडकं पोचेना. तेवढ्यात आत्ती आत गेल्या आणि चुलीची फुंकणी घेऊन आल्या. ती काही पूजेत नव्हती. नव्या लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचून त्यांनी फुंकणीचं टोक खळग्यात घातलं आणि अशी काही फुंक मारली की पाण्याचा फवारा माझ्या तोंडावर. आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसू आवरता आवरेना. रबरी टोपीतही पाणी होतं, ती पुसून चुलीच्या वैलाशी धरून शेकून काढली. फुंक, फडकं, पुन्हा फुंक, असं करत खळगा कोरडा केला. टोपी बसवली.

गाडी सुरू झाली आणि थडथड गेली. साफ गेली. चारही घरं भरून इंजिन गुळगुळीत वाजायला लागलं. आत बसलेल्या मामांनाही ते जाणवलं असणार, कारण ते "हां" म्हणाले, आणि मामांच्या तोंडचं "हां" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं व्याख्यान. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. मी त्यांना पाय काढायला सांगितलं. पाय निघाला आणि इंजिन आपलं आपण चढायला लागलं, मग उतरायला लागलं, मग उतरता उतरता बंद पडलं. घाटात, वळणावर, गिअर बदलताना असं झालं तर गाडी मागे जाईल, हे मामांना कोणी सांगायला नको होतं.

"अशी गाडी मी घाटात न्हेणार न्हाई," ते आतूनच म्हणाले.

आत्तींनी माझा दंड धरला. मी म्हटलं, अजून थोडा वेळ, मामा, फक्त सुरू ठेवा. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली मी आणली. हवा चोरून आत जात असेल तर जिथे फट असेल तिथे पाणी पडताच क्षणभर फट बुजते आणि इंजिनाची चाल बदलते. पण इथे चाल मुळातच सारखी बदलत होती. ती पाण्याने बदलली की आपली आपण, हे मला कळेना. एकदा वाटलं सापडली, पुन्हा वाटलं नाही.

"मला लय धरता येत नाही, आत्ती," मी कुजबुजले.

"म्या धरते," आत्ती म्हणाल्या. "मी सरळ चालते. ती कुठं माझ्यापासनं सुटती, तेवढं तू ऐक."

आणि त्यांनी मडगार्डवर ठेका धरला. सुरुवातीला नुसती बोटं, इंजिनाच्या आवाजात मला एकटीला ऐकू येईल इतकी. ठेका एका चालीत सरळ चाललेला, आणि इंजिन त्याच्यापुढे पळायचं, मागे पडायचं. आता मला फरक लख्ख ऐकू येऊ लागला. मी पाणी मारत एकेक जागा तपासत गेले. कार्ब्युरेटरच्या बुडाशी काही नाही. खालच्या सांध्याला काही नाही. आणि इकडे आत्तींचे हात रंगात आले. डावा तळवा पत्र्यावर घुमायला लागला, उजवी बोटं त्यावर नाचायला लागली. त्यांचे डोळे मिटलेले. मी त्यांना रोज भाकरी थापताना, भांडी घासताना पाहिलेलं, हे हात मी कधी पाहिलेच नव्हते. इंजिन घरघरत खाली गेलं आणि बंद पडलं.

आत्तींचे हात थांबले नाहीत.

अंगणात चिडीचूप, आणि मडगार्डवर भजनी ठेका. भरदार, ठाशीव, एक फेरा पुरा झाला, दुसरा सुरू झाला, समेवर थाप पडली, आणि मग कुठे आत्तींना कळलं की आपण एकट्याच वाजवतो आहोत. त्यांनी डोळे उघडले. गाडीचं दार वाजलं.

मामा बॉनेटला वळसा घालून आले. आत्तींच्या हातांकडे बघत राहिले. आता काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण आत्तींनी मला हातानेच गप्प केलं.

"हे कुठनं शिकलीस?" मामांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुमच्याच घरात. मामंजी सोप्यात बसून वाजवायचे आन मी आत भाकरी थापायची. कान काय झाकून ठेवू? त्ये गेल्यावर पिठाच्या डब्यावर वाजवून बघितलं, आलं."

"आन मंडळात?"

आत्तींनी पदर सारखा केला. मला वाटलं, आता त्या टाळाचं नाव घेतील. अजून वेळ गेली नव्हती.

"मंडळात पखवाज मीच वाजवती. आजबी मीच वाजवणार हाय, तितवर पोचले तर. तुमाला काय बोलायचं त्ये बोला, पर आधी गाडीचं बघू. पोरीचं काम अर्ध्यावर आलंय."

मान वर करून मामांनी उन्हाचा अंदाज घेतला. मग ओट्यावरच्या पूजेकडे, पखवाजाच्या पाटाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. तर ते वळले, गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्तींनी दोन्ही हातांनी उघड ठेका धरला. मी बाटली घेऊन दुसऱ्या बाजूला गेले. तिथे एक जाड रबरी पाइप इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीवर बसवलेला असतो. त्याच्या टोकावर पाणी पडलं मात्र, इंजिन चढायचं थांबलं.

"थांब, थांब," आत्ती म्हणाल्या. "आत्ता दोघी बराबर चाललो."

पाणी आत ओढलं गेलं आणि चाल पुन्हा सुटली. मी पुन्हा पाणी मारलं, चाल पुन्हा धरली गेली. त्या पाइपवरून मी बोटं फिरवली, तर बोटांना लागला दोरा. दोरा धरून पुढे आले, तो दिव्याच्या बाजूने, जाळीवरून बाहेर, आणि बाहेर झेंडूची फुलं. हार छान ताणून बसावा म्हणून त्याचं एक टोक दिव्याच्या पट्टीला आणि दुसरं आत हाताला लागेल त्या पाइपला बांधलं होतं. चांगल्या दोन-दोन गाठी मारून. हाराच्या ओढीने पाइप नळीवरून अर्धा निसटला होता आणि गाडी थरथरली की त्याची फट कमी-जास्त होत होती.

मी पाइप तळव्याने आत दाबून धरला. इंजिन हळूच खाली आलं आणि एका जागी ठरलं. आत्तींचा ठेका आणि इंजिन, दोन्ही एका चालीत. त्यांनी एक फेरा वाजवला, समेवर थाप दिली आणि हात उचलले. इंजिन तसंच चालत राहिलं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. आजवर पुष्कळ गाड्या उघडल्या, पण त्या क्षणाची सर दुसऱ्या कशाला आली नाही.

मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, कारण प्रश्न आता वेगळाच होता. पूजेचा हार उद्यापर्यंत सोडायचा नसतो. आणि तो कोणी बांधला होता, हेही दोघींना ठाऊक होतं. आत्तींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मामा आले. मी दोरा दाखवला. मामांनी गाठ पाहिली, स्वतःच्या हातची गाठ त्यांनी ओळखली नसेल असं होणारच नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग कोणाला काही न विचारता त्यांनी गाठ नखांनी सोडवली, पाइप नळीवर घट्ट सारला, हाराचं ते टोकही दिव्याच्या पट्टीला नेऊन बांधलं आणि फुलांना हात लावून नमस्कार केला.

"बसा," एवढंच म्हणाले.

गाडी निघाली. मामा पुढे, आम्ही दोघी मागे. इंजिन असं चाललं होतं की कान देऊन ऐकत राहावं. मामा हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. फाट्यावर त्यांनी गाडी हळू केली तेव्हा मला वाटलं, आता वळवणार. त्यांनी समोरून येणारी बैलगाडी जाऊ दिली आणि वाघेरीच्या रस्त्याला लागले. घाटात प्रत्येक वळणावर ते गिअर बदलत आणि गाडी विनातक्रार वर चढत होती. आत्ती मांडीवर बोटं घट्ट गुंफून बसल्या होत्या. एकदा त्यांनी माझ्या कानात विचारलं, "पटांगणात समद्यांच्या म्होरं काय बोललं तर?" मी त्यांच्या गुंफलेल्या बोटांवर हात ठेवला.

वर पोचलो तेव्हा आमच्या मंडळाचा पुकारा झालेला होता. बायका मंचावर बसलेल्या, पखवाज मधोमध आणि त्याच्यामागची जागा रिकामी. आत्ती धावतच गेल्या. मी मागे वळून पाहिलं, मामा गाडीतच बसून होते. मी पुढे जाऊन मंचासमोर बांधलेल्या दोरीजवळ जागा धरली.

आत्तींनी पखवाज मांडीवर घेतला, डाव्या पुडीवर कणीक चढवली. माइक धरलेले गृहस्थ पांढरी टोपी सावरत त्यांच्याकडे बघत होते.

"बाई, पखवाज ठेवा खाली. वाजवणारे कुठं हाईत, त्यांना बोलवा. वादकाचं नाव पुकारावं लागतं."

पटांगणात हशा पिकला. पेटीवरच्या शाळेतल्या बाई काही सांगायला लागल्या, पण गलक्यात कोणाला ऐकू येईना. आत्तींनी मान वर केली, नाव सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली होती. मी वळले. मामा बसलेल्या माणसांमधून वाट काढत सरळ मंचाकडे येत होते. चेहरा घट्ट. आत्तींचा हात पखवाजाच्या काळ्या शाईवर तसाच राहिला. आता हे हाताला धरून उठवणार, असंच मला वाटलं आणि मी दोरी गच्च धरली.

मामा दोरीशी थांबले. भरल्या एसटीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज होता, तो त्यांनी लावला.

"नाव घ्या. हौसाबाई दिनकर घाडगे. पखवाज."

लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. मामांच्या तोंडून आत्तींचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आत्तींनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्या पखवाज विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या होत्या.

"आन तुमी कोण?" माइकवाल्यांनी विचारलं.

"म्या? म्या त्यांचा डायवर," मामा म्हणाले आणि तिथेच, माझ्याशेजारी, मातीत मांडी घालून बसले.

कर्ण्यातून आत्तींचं नाव अख्ख्या डोंगरावर गेलं, आणि ते विरायच्या आत त्यांची पहिली थाप पडली.